अण्णांचा डावा हात

गाणी ऐकायला वेगळी खोली करायची, असं मी म्हणालो तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "मग पोती कुठं ठेवू?" प्रश्न रास्त होता. तामलवाडीच्या आमच्या घरात मोकळी म्हणावी अशी एकच खोली आहे, आणि तिच्यात ज्वारीची पोती आणि गाद्यांची चळत असते. पण मला ती खोली हवी होती, आणि ती माझ्यासाठी नव्हे, माझ्या थोरल्या भावासाठी.

अण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. भाऊ म्हणून सांगत नाही, पण आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं आणि समोरचा गवय्या कितीही ताणू दे, ते समेवर हसत हसत यायचे. मग लकवा झाला आणि डावा हात गेला. बोलणं-चालणं सुधारलं, हात मात्र मांडीवर नुसता पडून राहिला. पखवाज गवसणी घालून खुंटीला गेला. देवळात टाळ वाजायला लागले की अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला ते बघवत नसे.

त्यांच्या एका भजनाचं चांगलं रेकॉर्डिंग माझ्याकडं होतं. मला या यंत्रांचा नाद जुना आहे. एकदा धीर करून ते माझ्या छोट्या स्पीकरांवर लावलं. अण्णांनी थोडं ऐकलं आणि म्हणाले, "उजवाच हाय की ह्यात. डावा कुठाय?"

खरंच नव्हता. पखवाजाचं उजवं तोंड खणखणीत ऐकू येत होतं, आणि डाव्या तोंडाचा, धुम्याचा खर्ज त्या छोट्या स्पीकरांच्या आवाक्यातच नव्हता. गेलेला हात रेकॉर्डिंगमधूनही गेला होता. मी त्याच दिवशी खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, सबवूफर, आणायचं ठरवलं.

सोलापूरच्या दुकानात मला वरातीत शोभेल असं धूड दाखवलं. त्यावर सिनेमातला गडगडाट लावला तेव्हा काचेची कपाटं थरथरली. मी म्हटलं, आता माझं भजन लावा. सगळे ठोके एकात एक मिसळून नुसता घुमारा झाला. शेवटी मी मध्यम आकाराचा, बंद पेटीचा घेतला. तो कमी गरजतो, पण थाप पडली की वाजतो आणि वेळेत गप्प बसतो. असा गुण माणसांतसुद्धा थोडाच सापडतो.

घरी आल्यावर बघतो तर वहिनींनी माझ्या हौसेपायी खोली रिकामी करून, शहाबादी फरशी घासूनपुसून लख्ख केलेली. पोती आणि गाद्या ओसरीवर. आणि तिथंच घोळ झाला. रिकाम्या खोलीत खर्ज भिंतीभिंतींवर आपटत राहिला. दाराशी उभं राहिलं तर छाती दणाणायची आणि अण्णांच्या खुर्चीत काहीच पोचायचं नाही. मग मी सबवूफर उचलून अण्णांच्या खुर्चीत ठेवला, भजन लावलं आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं ऐकत निघालो. जिथं आवाज स्वच्छ लागेल तिथं पेटी ठेवायची, अशी रीत आहे. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "काय हरवलंय का भावजी?" अण्णा कितीतरी दिवसांनी खदखदून हसले.

खिडकीखालची जागा सापडली. संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून वहिनींनी मला न विचारताच पोती आणि गाद्या परत आत आणून कोपऱ्यांत रचल्या. मी चिडलो. पण मग भजन लावलं आणि गप्प बसलो, कारण घुमारा निम्म्यानं उतरला होता.

डावा हात आला. धुमा खोल, गोल वाजू लागला. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"डावा मागनं येतोय," ते म्हणाले. "म्या असा कवाच वाजवला न्हाय." मग थांबून, अगदी हळू, "का तवाच हात जायला लागला हुता माझा?"

पखवाजाचा 'धा' हा बोल म्हणजे दोन्ही हात एकदम पडले पाहिजेत. इथं उजवा आधी पोचत होता आणि डावा कणभर मागून. मी घाईघाईनं सांगितलं, "अण्णा, दोष तुमचा नाही, यंत्राचा आहे. स्पीकर आधी बोलतात, ही पेटी मागून." त्यांचा विश्वास बसला नाही. आपल्या हातावरचा विश्वास एकदा उडाला की माणूस यंत्राला कशाला दोष देईल? मी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही स्पीकरांना जरासं थांबवलं. "अजून," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते. "अजून थोडं. लई झालं. मागं घे."

आणि धा पडला. एकच, भरदार, दोन्ही हातांचा.

अण्णांनी भजन शेवटपर्यंत ऐकलं. उजवा हात मांडीवर ताल धरत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. एवढ्या वेगातही एक थाप इकडची तिकडं नाही. हा हात माझ्या भावाचा होता, याचा मला फार अभिमान वाटला.

"व्हय," ते म्हणाले, "माझाच हाय."

मग त्यांनी वहिनींना हाक मारली. "थोडी कणीक भिजव. गव्हाची." आमच्याकडं जेवायला भाकरी असते, अशी मूठभर कणीक घरात एकाच कामाला भिजते, खर्ज यावा म्हणून धुम्याला लावायला. वहिनी लगबगीनं आत गेल्या.

मी खुंटीवरचा पखवाज काढून नेहमीसारखा, धुमा डाव्या हाताला, त्यांच्या पुढ्यात ठेवला. अण्णांनी नकारार्थी मान हलवली.

"फिरव त्याला," ते म्हणाले. "धुमा उजव्या हाताला येऊ दे."