आधी पाणी

मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना छापायला शेजाऱ्यांचा प्रिंटर आणला. माझ्या नव्या लॅपटॉपला जोडला, तर त्याने आधी ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर मागितलं, मग परवानगी, मग रीस्टार्ट. मुलीने तोच प्रिंटर लिनक्सवर चालणाऱ्या तिच्या जुन्या संगणकाला जोडला आणि पान सरळ बाहेर आलं.

"बघितलंत बाबा? यानं काहीच विचारलं नाही," ती हसत म्हणाली.

काही घरंही अशीच असतात. आधी गूळपाणी देतात, मग गाव विचारतात. तिचा होणारा नवरा पहिल्यांदा आला, तेव्हा मी मात्र त्याला उंबऱ्यावरच आडनाव, नोकरी, पगार विचारला होता. पाणी शेवटी बायकोने आणलं.

आज त्याचे आईवडील पहिल्यांदा येणार आहेत. दार मीच उघडणार आहे, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.