दार उघडं ठेवून लावलेलं इंटरनेट

नातीनं काल घरात नवं वाय-फाय लावलं. आवाज नाही, काही नाही. मला आमचा डोंबिवलीतला किंचाळणारा मोडेम आठवला, आणि त्याच्याशेजारी नाक वर करून उभी असलेली ती बावळट बाई, म्हणजे मी. मजल्यावर पहिलं इंटरनेट आमच्याकडे येत होतं ना.

जोडणी करणारा म्हणाला, "आवाज बंद करता येतो, मॅडम."

"राहू दे," म्हणत मी उलट दार सताड उघडलं. समोरच्या सानेवहिनींना कळायला नको?

मोडेम किंचाळला. वहिनी धावत आल्या. "अगं, मिक्सर गेला वाटतं तुझा. ये आमच्याकडे वाटायला."

इंटरनेट म्हणजे काय, ते मला तरी कुठे सांगता येत होतं? ही दीडशहाणी निमूट खोबरं घेऊन गेली आणि चटणी वाटून आली.