बदलून न घेतलेली चिठ्ठी

पायाला भिंगरी लागलेली पोरं घरोघरी असतात. हिच्या बाबतीत आत्यानं पाय वगळले आणि पोरीलाच ‘भिंगरी’ म्हणून टाकलं. तेच नाव राहिलं. ती जेवताना मधेच उठायची, अभ्यास चालत करायची, फोनवर बोलताना घरभर हिंडायची. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर एका स्टुलावर. “हिला किल्ली कोण देतं, ते एकदा बघायचंय मला,” असं ते म्हणायचे.

भिंगरीनं कॉमर्स सोडलं. मग कायद्याचा कोर्स सोडला. मधे एक गिटार होतं, ते अजून माळ्यावर आहे. विद्यापीठात तिनं रशियन भाषा आणि साहित्याला प्रवेश घेतला, तेव्हा घरात ‘का’ असं कुणी विचारलं नाही. आत्यानं फक्त “कधीपर्यंत?” एवढंच विचारलं.

भाषेत ती रमली, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. रशियनमध्ये पायी जाणं वेगळं, गाडीनं जाणं वेगळं, जाऊन परत येणं वेगळं, आणि नुसतं भटकणं आणखी वेगळं. प्रत्येकाला निराळं क्रियापद. बाकीचे डोकं धरून बसायचे, ही गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करायची. साहित्याचं मात्र जमेना. जाडजूड कादंबऱ्या, एकेका माणसाला तीन-तीन नावं, आणि हिवाळा काही केल्या संपत नाही. अर्ध्यावर आलं की तिच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. मग पुस्तक मिटायचं आणि पुढचं वर्गातल्या चर्चेवर भागवायचं. अशी वेळ मारून नेत ती शेवटच्या वर्षापर्यंत आली.

तोंडी परीक्षेच्या आधी वडिलांनी भिंग काढून तिच्याकडे पाहिलं. “पास झालीस तर पुढं शीक, मी आडवा येणार नाही. नाहीतर सोमवारपासून मामाचं ऑफिस.”

मामाची ट्रान्सपोर्ट कंपनी होती. त्यानं तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, चाकांची. “तुझा स्वभाव बघूनच घेतली,” तो म्हणाला.

साहित्य शिकवणाऱ्या मॅडमची तोंडी परीक्षेची पद्धत ठरलेली होती. टेबलावर प्रश्नांच्या चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या असत. एक उचलायची, मागच्या बाकावर बसून मनाशी जुळवाजुळव करायची, मग समोर येऊन बोलायचं. नको असली तर चिठ्ठी एकदा बदलून मिळायची. श्रेणी एक पायरी उतरायची, पण बहुतेकजण तरून जायचे.

भिंगरीनं चिठ्ठी उलटली. एका लहान गावातल्या शिक्षिकेची कादंबरी. दर वर्षी बर्फ वितळला की ही बाई गाव सोडायचं ठरवते आणि ट्रंक भरते. भिंगरीनं ती नेमकी मधेच टाकली होती.

ती मागच्या बाकावर टेकली आणि लगेच उठली. चिठ्ठी बदलायला टेबलापाशी गेली, हात पुढं केला. आत्याचा तो ‘कधीपर्यंत?’ कानात वाजला. हात तसाच मागं आला.

“मॅडम, मी ही अर्धीच वाचलीय.”

“मग बदलून घे.”

“नको.”

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. “मग अर्धी सांग.”

अडखळत, चुकत, पण रशियनमध्येच ती सांगू लागली. दारात घोडागाडी येते, ट्रंक चढते, आणि ही बाई ट्रंक उतरवून, गाडीवानाला चहा पाजून गाडी परत पाठवते. तिथं पुस्तक मिटलं होतं.

“तिथंच का?”

“राग आला. एवढी वर्षं तळमळली ती कशाला मग? भित्री आहे ती.”

“असं पुस्तकात आहे?”

“नाही. पुस्तकात ती गाडीमागं फाटकापर्यंत चालत जाते. मग शाळेची घंटा होते.” भिंगरी थांबली. ते वाक्य तिनं वाचलं होतं, पण घाईत. “घंटा कोण वाजवतं मग? रोज वाजवणारी तर हीच ना?”

“मला विचारतेस?”

“पुढच्या पानावर असेल,” भिंगरी पुटपुटली. बोलता बोलता आपण खिडकीपर्यंत येऊन पोचलोय, हे तिला तेव्हा कळलं. मॅडमनी तिला ‘खाली बस’ म्हटलं नव्हतं.

“अर्ध्या कादंबरीला मी श्रेणी देत नाही,” मॅडम म्हणाल्या. “उरलेली वाच, सोमवारी ये. हाच प्रश्न. जमलं नाही तर नापास. बदलली असतीस तर आत्ता सुटली असतीस.”

बाहेर येऊन तिनं वडिलांना फोन लावला.

“काय झालं?”

“अजून व्हायचंय. सोमवारी परत बोलावलंय. मामाला सांगा, त्या दिवशी मी येत नाही.”

पलीकडं भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. “म्हणजे हेही अर्ध्यावर सोडलंस?”

“नाही बाबा. हेच सोडत नाहीये.”

“आणि नापास झालीस तर?”

“तर मंगळवारी बसते त्या खुर्चीत.”

“बसशील?” वडील हसले, पण फोन ठेवला नाही. “जेवायला तरी येशील ना घरी?”

“येते. थोडं वाचून.”

ग्रंथालयातून पुस्तक घेऊन ती जिन्यातच वाचू लागली, पहिल्यांदा उभ्यानं, मग कठड्याला टेकून, मग पायरीवर. शिपाई बादली घेऊन उतरत होता. “ताई, जरा वाट द्या,” तो म्हणाला.

ती न उठताच भिंतीकडं सरकली.