दिवसभराचा फोटो

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात जे जे शोध लागले, ते कवठे महांकाळ तालुक्यात पुन्हा एकदा लागल्याशिवाय खरे मानायचे नाहीत, असा माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांचा बाणा आहे. मी त्यांना मामा म्हणतो. लष्कराच्या वर्कशॉपात रेडिओ आणि ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. पेन्शन सुरू झाल्यावर त्यांच्या सोबतीचे लोक शेतीत किंवा ग्रामपंचायतीत रमले. मामांना मात्र एकच चुटपुट लागून राहिली. "दुरुस्त लय केलं, पावनं. पर पयल्यांदा कसं झालं आसंल, ते कुटं बगितलं?" तेव्हापासून ते क्रमाने चालले आहेत. एक शोध स्वतःच्या हाताने लावल्याखेरीज पुढच्याकडे वळत नाहीत.

सुरुवात बॅटरीने झाली. तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड, अशी चळत रचायची. कापडासाठी मामांनी कोरा करकरीत बनियन कापला. जुन्यात घामाचं मीठ असतं, त्यामुळे प्रयोगात लबाडी होईल म्हणे. मग या चळतीची तार होकायंत्राजवळ नेली की सुई हलते, हे दाखवायला त्यांनी झाडून सगळ्या आळीला बोलावलं. सुई जराशी वळली. शेजारचा बापू म्हणाला, "एवडंच?" मामा असे भडकले! "एवडंच म्हंतोस? आरं, ह्या हलन्यावर तुज्या हिरीवरची मोटार फिरती!" बापू तिथून उठला तो थेट विहिरीवर गेला आणि बराच वेळ मोटारीकडे बघत उभा राहिला, असं बहीण सांगते.

पुढे एका फ्रेंच डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले, हे मामांच्या वाचनात आलं. त्या दिवसापासून दारात आलेल्याला पाण्याच्या तांब्याआधी वर्तमानपत्राची सुरळी लागू लागली. माझ्या छातीला ती लावून मामा डोळे मिटून इतका वेळ ऐकत राहिले की मला धास्तीच वाटली. "काय ऐकू येतंय?" मी विचारलं. "चालू हाय," मामा म्हणाले. शेळ्या, म्हशी, पोस्टमन, सगळे ऐकून झाले. राहिल्या फक्त मामी. त्या एका जागी थांबतील तर ना! मामा नोकरीवर असताना शेत, जनावरं, पोरं एकटीने ओढलेली ही बाई. बसणं हे काम त्यांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मग क्रमात फोटो आला. अगदी पहिल्या फोटोंच्या वेळी पत्र्यावर डांबराचा पातळ थर देऊन तो भिंगाच्या पेटीत ठेवत. ऊन लागेल तिथलं डांबर घट्ट होई, बाकीचं धुऊन काढलं की चित्र उरे. याला अख्खा दिवस लागे. डांबर रस्त्याच्या कामावरून मिळालं, आणि उन्हाला तर त्या भागात कधी तोटा नाही. "काडायचा तर हिचाच," मामांनी जाहीर केलं. मी खिशातून मोबाईल काढला. "ठिवा ते. त्यात काडला की ती उठून जाती. मला ती दिसभर माज्याजवळ बसलेली पायजे." मी गुपचूप मोबाईल ठेवून दिला.

"आवं, म्हशीकडं कोन बगंल?" म्हणत मामींनी कितीतरी दिवस टाळलं. शेवटी बहिणीने म्हैस पत्करली, आणि एका सकाळी दोघं अंगणात पेटीसमोर बाजेवर बसली. आधी मामी अवघडून गप्प होत्या. मग हळूहळू सुरू झाल्या. दुष्काळात विकलेला बैल, थोरल्याला चढलेला ताप, मामांचं पत्र येईना तेव्हाची घालमेल, ऊन उतरेपर्यंत त्या बोलतच होत्या. संध्याकाळी पत्रा धुतला. भिंत आली, बाज आली, मामांची टोपीसुद्धा आली. मामींच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग.

"माजं त्वांड कुटं हाय?"

"बोलत व्हतीस की दिसभर."

मामी ओशाळल्या. "मग परत बसाय पायजे म्हना की."

त्यानंतर पुढच्या शोधाचं नाव निघालेलं नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हाही दोघं पेटीसमोर बसलेली होती, आणि मामी अगदी रंगात आल्या होत्या. मला राहवेना. मागून जाऊन मी पेटीचं झाकण हळूच उचललं. आत पत्राच नव्हता. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच झाकण लावायला सांगितलं. मी झाकण लावून बाजूला झालो.

"तवा तुमी आसामात व्हता," मामी सांगत होत्या.

"व्हय," मामा म्हणाले. "मग फुडं काय झालं?"