यंत्राला मराठी शिकवताना

डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहात मी बावीस वर्षं सिस्टर आहे. आज बाइक उडवत कॉलेजला जाणारी कितीतरी पोरं मी त्यांच्या पहिल्या लंगोटाच्याही आधी पाहिलेली आहेत. मागच्या वर्षी डॉक्टर मॅडमनी एक सॉफ्टवेअर आणलं. बाळंतिणी जे बोलतात ते आम्ही सिस्टर टाइप करून ठेवतो. त्या नोंदी वाचून ते म्हणे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणार. धोका वाटला तर नावापुढे लाल ठिपका, नाहीतर हिरवा.

पहिल्याच आठवड्यात अख्खा वॉर्ड लाल. 'उकाड्याने जीव जातोय', 'चहावाचून मरतेय' असली वाक्यं आम्ही जशीच्या तशी लिहिलेली. आमच्याकडे बायका दिवसातून दहा वेळा मरतात आणि संध्याकाळी वडापाव मागवतात, हे यंत्राला कोण सांगणार? मीच सांगितलं. कुठलं वाक्य मनावर घ्यायचं, कुठलं सोडून द्यायचं, याच्या खुणा करत महिनाभर बसले. मॅडमनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि मी फुगले. यंत्राला तर मी गाढवच म्हणायचे.

मग ठाकुर्लीची एक मुलगी सासूला घेऊन बाळाच्या दीड महिन्याच्या डोससाठी आली. बाळंतपणानंतर आठवड्याने ती तपासणीला आलेली, तेव्हा मीच तिची विचारपूस केलेली. ठिपका हिरवागार. सुई टोचली तसं बाळ किंचाळलं. सासू धावली. ही आपली पंख्याकडे बघत बसलेली. मी सवयीने खेकसले, "अगं, घे ना त्याला. लेकरू रडतंय, तुला काहीच होत नाही का?"

"तेच तर सांगितलेलं तुम्हाला, सिस्टर," ती शांतपणे म्हणाली. "काही होत नाही."

मी तिची जुनी नोंद उघडली. 'काय होतंय?' या माझ्या प्रश्नापुढे तिचं उत्तर होतं, 'काही होत नाही'. मी त्याचा अर्थ तब्येत ठणठणीत असा घेतलेला, आणि यंत्रालाही तोच शिकवलेला. गाढवाने माझं निमूट ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूला बाळाचं वजन करायला बाहेर पाठवलं, मॅडमना बोलावणं धाडलं आणि दार लोटून तिच्यासमोर स्टूल ओढलं. या वेळी आवाज खाली ठेवून विचारलं, "काय होत नाही गं?"

तिने पंख्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाळ रडलं की बाकीच्या आयांना होतं ना, ते."