शकीलामावशीची वेगळी चूल

शकीलामावशी पिराच्या उरसात मटणाच्या पातेल्याकडे फिरकायचीही नाही. नवसाच्या बोकडांची कंदुरी दर्ग्यामागे पुरुषमंडळी शिजवायची. मावशी मात्र अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून चिंचेपलीकडे वेगळी चूल मांडायची. ती चूल माळकऱ्यांची. दौंडच्या अलीकडचं, भीमेकाठचं आमचं गाव. इथले माळकरी पिराला नारळ फोडून तिथंच जेवायला बसतात.

"पिराला समदं चालतं," मावशी म्हणायची. "पर पाव्हण्याला काय चालतं, ते आपुन बघाया लागतं."

मी शिक्रापूरच्या कंपनीतून रजा काढून पाणी वाढायला यायचो. एकदा चपलांसकट चुलीजवळ गेलो. "सायब, कंपनी तिकडं ऱ्हायली. चपला भायेर," मावशीनं वर न बघता सुनावलं.

चार वर्षांपूर्वी ऐन पंगतीच्या वेळी तिची नवी सून नसीम हिनं घाईत दर्ग्यामागून आलेली मटणाची पळी डाळीत फिरवली. पोरगी रडकुंडीला आली. मी हळूच म्हणालो, "मावशी, कुनी बघितलं न्हाई."

"तू बघितलं की," मावशी म्हणाली. "आजून किती जनांनी बघाया पायजे?"

सासूसुनेनं पातेलं उचललं आणि डाळ खड्ड्यात ओतली. मग डोक्यावरचा पदर सावरत मावशी पंगतीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या भिकूआप्पांपुढे उभी राहिली.

"आप्पा, माझी चूक झाली. मटनाची पळी डाळीत गेली. वतून दिली डाळ."

माळकऱ्यांनी पिराकडे जेवू नये, असं काहीजण तेव्हा उघड बोलायला लागले होते. ही पंगत उठली असती, तर पुन्हा बसली नसती. सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघत होते.

"मंग दुसरी चढवा की भाभी," आप्पा म्हणाले. "आमाला कुठं गाडी धरायचीय?"

दीड तास कोणी जागचं हललं नाही. ऊस, पाणी, जावई, सगळे विषय संपले तेव्हा डाळ आली.

यंदा उरसाच्या महिनाभर आधी मावशी गेली. एवढं सरळ माणूस मी दुसरं पाहिलं नाही. चुलीपाशी नसीम एकटीच होती. एका तरुण माळकऱ्यानं आप्पांना हटकलं, "आप्पा, आता मावशी न्हाई. पळी कुठली, काय, कोन बघनार?"

आप्पांनी पत्रावळ पुढ्यात ओढली.

"डाळ वतली, तवा पातेल्याचा एक कान ह्या नसीमनं धरला हुता," ते म्हणाले. "बस खाली."

तो बसला.