गुरुग्रहाचे दर्शन आणि आमचा मागचा खिसा

स्वस्ति श्री. कोथरूडनिवासी, बत्तीस सदनिकांच्या सोसायटीचे (अन्य कोणी उभे न राहिल्यामुळे) अखंड बिनविरोध चिटणीस, गच्चीकुलूपरक्षक, जलपंपाधिपती असे जे आम्ही, त्यांनी गुरुग्रहाच्या दर्शनार्थ नारायणगावी प्रस्थान ठेवले. निमित्त कन्येचे. मृण्मयीने गतवर्षी हिंजवडीतील संगणक कंपनीची नोकरी सोडून ग्रहसंशोधन आरंभिले. आमचा विरोध सविस्तर होता. आज तिला रेडिओ दुर्बिणींवर प्रथमच स्वतःची वेळ मिळाली होती: दुपारी एक ते चार. ही वेळ पुण्यात निद्रेस वाहिलेली असते. आम्ही त्याग केला.

शिवाजीनगरहून सातपूर्वीची एस.टी. धरावी. राजगुरुनगरला वाहने चालत नाहीत, चिंतन करतात. नारायणगावी मिसळ खावी, सुट्टे जवळ ठेवावेत, आणि पुढच्या जीपमध्ये चालकाशेजारी बसू नये. तेथे गिअर आपल्या गुडघ्यांमध्ये नांदतो.

द्राक्षमळ्यांपलीकडे अजस्र तबकड्या दिसतात. डोळा लावण्याची जागा शोधू नये. या दुर्बिणी आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, तेही भर उन्हात. मोबाइलच्या लहरींनी त्यात व्यत्यय येतो, म्हणून फाटकावर तो जमा करावा लागतो. आम्ही तो साभिमान सुपूर्द केला.

सव्वा वाजता नियंत्रणकक्षातील पडद्यावर एक ठळक रेषा उमटली.

"ही कुठून आली?" मृण्मयी म्हणाली.

"जवळचाच सिग्नल आहे," तिचे मार्गदर्शक शांतपणे म्हणाले. "असाच येत राहिला तर आजचं निरीक्षण फुकट. पुढची वेळ कधी मिळेल, सांगता येत नाही."

रेषा यायची, जायची. पाऊण तास शोधाशोध झाली. कन्येचा चेहरा उतरला. मग तिने आमच्याकडे निरखून पाहिले.

"बाबा, पुढे वाकून टेबलावरची चकली घ्या."

आम्ही वाकलो. रेषा गेली.

"आता टेकून बसा."

रेषा आली.

"अहो बाबा, मागच्या खिशात काय आहे?"

सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा रिमोट होता; टेकून बसलो की त्याचे बटण दाबले जाई. चार वर्षांत आम्ही तो परहस्ते दिलेला नाही.

"गुरूपेक्षा आपला प्रभाव अधिक दिसतो," मार्गदर्शक म्हणाले.

रिमोट पत्र्याच्या डब्यात बंद झाला. पुढचे दोन तास पडदा निर्मळ राहिला. सायंकाळी मृण्मयीने कच्चे चित्र दाखवले: दोन्ही बाजूंना फुगलेला अंधूक ठिपका. गुरूच्या चुंबकक्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची ती प्रभा, असे ती सांगत होती. इतके तेज तिच्या मुखावर पगाराच्या दिवशीही आम्ही पाहिले नव्हते. नोकरीचा विषय आम्ही मनातल्या मनात तहकूब केला. घरी पोहोचेपर्यंत तो ठिपकाच डोळ्यांपुढे होता.

जिन्यात तळमजल्यावरच्या कुलकर्णीबाई रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या.

"चिटणीस, पाणी?"

रिमोट त्या डब्यातच राहिला आहे. पंप हाताने चालू करता येतो. परंतु पंपघराची किल्ली आम्ही सुरक्षिततेस्तव रिमोटलाच अडकवली होती.